ऑफिसपासून क्लाउडपर्यंत खासगी लाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) कन्सोलवर डायरेक्ट कनेक्टची, म्हणजे क्लाउडपर्यंतच्या खासगी लाइनची, ऑर्डर टाकायला दहा मिनिटं लागतात. पुढचे दोन-तीन महिने कुठे जातात, ते या पानावर आहे. मी पुण्यात नेटवर्कची कामं करतो. चाकण, रांजणगाव, सातपूर, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांतले आणि सहकारी बँकांतले आयटीवाले फोनवर जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण मुख्यतः एडब्ल्यूएसचं आणि त्यांच्या मुंबई रीजनचं (तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहाचं) आहे, कारण जून २०१६ मध्ये ते सुरू झाल्यापासून माझ्याकडची बहुतेक कामं तिथलीच. ॲझ्युअर आणि गूगल कुठे वेगळे पडतात, ते शेवटाकडे.

खासगी जोडणी म्हणजे नक्की काय? आमच्याकडे व्हीपीएन आहे की!

व्हीपीएन म्हणजे एन्क्रिप्ट केलेली जोडणी, पण ती इंटरनेटवरूनच जाते. पाकीट चिकटवलेलं असतं, पण रस्ता सगळ्यांचा. संध्याकाळी रस्त्यावर गर्दी झाली की तुमचं पाकीटही गर्दीतच अडकतं. खासगी जोडणीत तुमचा राउटर आणि क्लाउड कंपनीचा राउटर यांच्यामध्ये लेयर टूची (मध्ये दुसरा राउटर नसलेली) सरळ लाइन असते, इंटरनेट मध्ये येतच नाही. एडब्ल्यूएस याला डायरेक्ट कनेक्ट म्हणतं (ही सेवा २०११ पासून आहे), मायक्रोसॉफ्ट एक्सप्रेसरूट म्हणतं, गूगल क्लाउड इंटरकनेक्ट, ओरॅकल फास्टकनेक्ट. बारसं चार ठिकाणी झालं, मूल एकच.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. इथे रस्ता खासगी असला तरी पाकीट उघडं असतं. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे, तो टाळून पुढे जाऊ नका.

आम्हाला ती खरंच लागते का?

विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी नको सांगतो. एडब्ल्यूएसच्या साइट-टू-साइट व्हीपीएनचा एकेक नेहमीचा टनेल (एन्क्रिप्ट केलेली वाट) साधारण १.२५ जीबीपीएसपर्यंत जातो आणि प्रत्येक जोडणीत दोन टनेल मिळतात. तुमच्याकडे २०० एमबीपीएसची इंटरनेट लीज्ड लाइन असेल आणि तीही दुपारी निम्मी रिकामी असेल, तर अडचण टनेलची नाही. बहुतेक वेळा फायरवॉल दमलेली असते, किंवा ॲप्लिकेशन एका पानासाठी डेटाबेसला चारशे फेऱ्या मारत असतं.

खासगी लाइन घ्यावी अशी कारणं मला तीनच पटतात. एक, रोजचा डेटा खरोखर मोठा आहे, म्हणजे रात्रीचा बॅकअप सकाळच्या शिफ्टपर्यंत संपत नाही. दोन, लेटन्सी (डेटा जाऊन यायला लागणारा वेळ) कमी असण्यापेक्षा ती स्थिर असणं महत्त्वाचं आहे. उदाहरणार्थ, ईआरपी (कंपनीचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर आणि गेटवरचा वजनकाटा कारखान्यात, अशी रचना असेल तर. तीन, तुमच्या ऑडिटरनं किंवा ग्राहकानं लेखी मागितली आहे. ‘शेजारच्या कंपनीने घेतली’ हे चौथं कारण मला फार वेळा ऐकायला मिळतं.

म्हणजे आमच्या गेटपासून ॲमेझॉनच्या इमारतीपर्यंत आमचीच केबल?

नाही. आणि इथला गैरसमज पुढे सगळ्यात महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाट तीन तुकड्यांत असते. पहिला तुकडा लास्ट माइलचा: तुमच्या सर्व्हर रूमपासून एका ठरलेल्या डेटा सेंटरपर्यंत. हे डेटा सेंटर ॲमेझॉनचं नसतं. एखाद्या डेटा सेंटर कंपनीच्या इमारतीत ॲमेझॉननं आपले राउटर ठेवलेले असतात, त्याला डायरेक्ट कनेक्ट लोकेशन म्हणतात. मुंबईच्या बाजूला चांदिवली आणि नवी मुंबईतलं रबाळे ही नावं तुमच्या कानावर पडतील. दुसरा तुकडा सगळ्यात छोटा: त्याच इमारतीत तुमच्या सेवादाराच्या रॅकपासून ॲमेझॉनच्या रॅकपर्यंत जाणारी काही मीटरची पिवळी पॅच कॉर्ड. तिला क्रॉस कनेक्ट म्हणतात आणि ती मीट-मी रूममधून (सगळ्यांच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या खोलीतून) जाते. तिसरा तुकडा त्या राउटरपासून तुमच्या व्हीपीसीपर्यंतचा (क्लाउडमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कपर्यंतचा). तो ॲमेझॉनचा, त्यात तुम्ही बोट घालू शकत नाही आणि घालायची गरजही पडत नाही.

आता जबाबदारी बघा. तिसरा तुकडा ॲमेझॉनचा, दुसरा डेटा सेंटरवाल्याचा, पहिला टेलिकॉम कंपनीचा. लिंक पडली की तिघेही प्रामाणिकपणे सांगतात, ‘आमच्या बाजूने ओके आहे.’ चौथे तुम्ही. म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर ही वाट काढा. प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव, सर्किट आयडी आणि रात्री दोनला उचलला जाणारा फोन नंबर लिहा. असा कागद सर्व्हर रूमच्या दारावर आतून चिकटवलेला मी ज्या कंपन्यांत पाहिलाय, तिथे आउटेज लवकर मिटतात.

डेडिकेटेड घ्यावी की होस्टेड?

डेडिकेटेड म्हणजे ॲमेझॉनच्या राउटरवरचा अख्खा पोर्ट तुमचा: १, १०, १०० किंवा ४०० जीबीपीएस. मधले आकडे नाहीत. होस्टेड म्हणजे एका भागीदार कंपनीने मोठा पोर्ट आधीच घेऊन ठेवलाय आणि त्यातला तुकडा तुम्हाला दिला. तो ५० एमबीपीएसपासून मिळतो. डेडिकेटेडवर तुम्ही ५० खासगी किंवा सार्वजनिक व्हर्च्युअल इंटरफेस (व्हीआयएफ, म्हणजे एकाच तारेवरचे वेगळे कप्पे) काढू शकता, होस्टेडवर एकच. पाचशे एमबीपीएस लागणाऱ्या कारखान्याला होस्टेड पुरे. क्रॉस कनेक्टची कटकट भागीदार बघतो, तुम्ही कन्सोलवर येऊन फक्त ‘ॲक्सेप्ट’ दाबायचं.

कोटेशनमध्ये एक शब्द मात्र नीट वाचा. ‘होस्टेड कनेक्शन’ आणि ‘होस्टेड व्हीआयएफ’ एक नाहीत. पहिल्यात बँडविड्थ तुमच्या नावावर राखलेली असते. दुसऱ्यात दुसऱ्याच्या पोर्टवर फक्त एक व्हीलॅन (टॅग लावून वेगळा केलेला कप्पा) मिळतो आणि बँडविड्थ सगळ्यांत वाटून. दर बघून दुसरं घेतलं आणि महिनाअखेरीला रडले, असे दोन जण मला माहीत आहेत.

एलओए म्हणजे काय? ते आम्ही कुणाला द्यायचं?

डेडिकेटेड पोर्ट मागितल्यावर ॲमेझॉन एक परवानगीपत्र (लेटर ऑफ ऑथरायझेशन, म्हणजे एलओए) काढतं, साधारण ७२ तासांच्या आत. त्यात लिहिलेलं असतं: अमुक कंपनीला आमच्या अमुक रॅकच्या अमुक पॅनेलवर, अमुक पोर्टवर जोडणी करायला आमची परवानगी आहे. हे पत्र दाखवल्याशिवाय डेटा सेंटरवाला ॲमेझॉनच्या पॅनेलला हात लावत नाही. पत्र कन्सोलवरून उतरवा, सेवादाराला द्या, तो क्रॉस कनेक्टची ऑर्डर टाकतो.

पत्राला मुदत असते: ९० दिवस. आणि दुसरं घड्याळही तेव्हाच चालू होतं: लिंक वर आली नाही तरी ऑर्डरनंतर ९० दिवसांनी पोर्टचं भाडं लागू होतं. त्यामुळे आधी लास्ट माइलची तारीख हातात घ्या, मग पोर्ट मागवा. लोक नेमकं उलटं करतात, कारण पोर्ट मागवणं सोपं आहे आणि मीटिंगमध्ये ‘ऑर्डर प्लेस्ड’ म्हणता येतं.

एकूण किती दिवस लागतात?

तुम्ही आधीच मुंबईच्या त्याच डेटा सेंटरमध्ये रॅक घेऊन बसला असाल तर आठवड्याभरात. एमआयडीसीतल्या कारखान्यापासून असेल तर सहा ते बारा आठवडे धरा. त्यातली वाट अशी: फिजिबिलिटी, कोटेशन, पर्चेसची घासाघीस, पीओ (खरेदीची ऑर्डर), सर्व्हे, खोदाईची परवानगी, इमारतीत केबल चढवायची एनओसी, स्प्लायसिंग (फायबरचे तुकडे जोडणं), टेस्ट रिपोर्ट. यातल्या एकाही पायरीचा क्लाउडशी संबंध नाही.

पावसाळा वेगळा धरा. मे महिना सरत आला की महापालिका नवीन खोदाईला परवानगी द्यायचं सहसा थांबवतात ते पाऊस ओसरेपर्यंत. जूनमध्ये पीओ निघाला आणि शेवटचे तीनशे मीटर खोदायचे राहिले असतील, तर दसऱ्याचा मुहूर्त तुम्हाला आपोआप मिळतो. तोपर्यंत सेवादाराला खांबांवरून केबल टाकू द्यायची किंवा रेडिओ लिंक लावू द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. मी तात्पुरता रेडिओ मान्य करतो, पण पीओवर ‘फायबर झाल्याशिवाय ओटीसीचा उरलेला हप्ता नाही’ असं लिहून घेतो (ओटीसी म्हणजे एकदाच द्यायचं शुल्क). तात्पुरत्याइतकं टिकाऊ आपल्याकडे काही नसतं.

इमारतीची एनओसी हलक्यात घेऊ नका. एका कामात फायबर रस्त्यावरून गेटपर्यंत चार दिवसांत आला आणि गेटपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सहा आठवडे लागले, कारण डक्टची चावी ज्यांच्याकडे होती ते गावी गेले होते.

खर्च किती येतो?

पोर्टचं भाडं हा सगळ्यात दिसणारा आणि बहुधा सगळ्यात छोटा आकडा. डेडिकेटेड १ जीबीपीएस पोर्टला तासाला ०.३० डॉलर, म्हणजे महिन्याचे ७३० तास धरले तर २१९ डॉलर. १० जीबीपीएसला तासाला २.२५ डॉलर, महिन्याला १,६४२ च्या आसपास. दर बदलतात, ऑर्डरच्या दिवशी त्यांच्या पानावर पाहून घ्या.

त्यावर चढतं ते असं: डेटा सेंटरचं क्रॉस कनेक्टचं मासिक भाडं, टेलिकॉम कंपनीचा ओटीसी आणि एआरसी (दर वर्षी द्यायचं भाडं), तुमच्या बाजूला लागणारा, बीजीपी (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची भाषा) बोलणारा राउटर, आणि सेवांवर जीएसटी. पुणे-मुंबईच्या अंतरात एआरसी हाच डोंगर असतो.

बचत होते ती बाहेर येणाऱ्या डेटावर. क्लाउडमध्ये आत जाणाऱ्या डेटाला पैसे नाहीत, बाहेर येणाऱ्याला आहेत. आणि डायरेक्ट कनेक्टवरून बाहेर येणाऱ्या जीबीचा दर इंटरनेटवरच्या दरापेक्षा कमी असतो. म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या बिलातून ‘डेटा ट्रान्सफर आउट’ ही ओळ काढा, पण त्यातला तुमच्या ऑफिसकडे येणारा भागच मोजा. वेबसाइटवर येणाऱ्या ग्राहकांकडे जाणारा डेटा इंटरनेटवरूनच जाणार, त्यावर ही लाइन दमडी वाचवत नाही. ही चूक मी एका सादरीकरणात स्वतः केली आहे आणि सीएफओंनी ती तिथेच पकडली.

प्रायव्हेट, पब्लिक, ट्रान्झिट: कोणता व्हीआयएफ?

एकाच तारेवर व्हीलॅन टॅग लावून वेगवेगळे कप्पे करायचे, प्रत्येक कप्पा म्हणजे एक व्हर्च्युअल इंटरफेस. प्रायव्हेटवरून तुम्ही व्हीपीसीतल्या खासगी पत्त्यांवर जाता. ट्रान्झिटही तेच करतो, पण मध्ये ट्रान्झिट गेटवे (अनेक व्हीपीसी एकत्र जोडणारा चौक) असतो. व्हीपीसी पाच-सहाच्या पुढे गेल्या की तोच बरा. पब्लिकवरून फाइल साठवायच्या एस थ्रीसारख्या सेवांच्या सार्वजनिक पत्त्यांवर जाता येतं. पण त्यासाठी तुमच्याकडे सार्वजनिक आयपी हवेत, आणि त्या वाटेने ॲमेझॉनचे इतर ग्राहकही तुमच्या राउटरपर्यंत पोहोचू शकतात. तिथे फायरवॉल इंटरनेटइतकीच कडक ठेवा. ‘खासगी लाइन आहे, काय होतंय’ असं म्हणून ती उघडी सोडलेली मी पाहिली आहे.

लाइन आली, पण एस थ्रीचा ट्रॅफिक अजून इंटरनेटवरूनच जातोय. का?

कारण व्हीपीसीत तुम्ही एस थ्रीसाठी जो गेटवे एंडपॉइंट (तिकडे जायचा खासगी दरवाजा) केलाय, तो फक्त त्या व्हीपीसीतल्या मशीनना दिसतो. तुमच्या ऑफिसातून डायरेक्ट कनेक्टवरून आलेला ट्रॅफिक त्यातून जात नाही. दोन उपाय: पब्लिक व्हीआयएफ, नाहीतर इंटरफेस एंडपॉइंट. दुसऱ्यात एस थ्रीला तुमच्या सबनेटमधला (नेटवर्कच्या एका तुकड्यातला) खासगी आयपी मिळतो. त्याचं तासाचं आणि जीबीचं भाडं आहे, ते हिशेबात धरा.

मग येतं डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा. ऑफिसातल्या मशीनला त्या नावाचा खासगी पत्ता कळायला हवा. व्हीपीसीत रूट ५३ रिझॉल्व्हरचा इनबाउंड एंडपॉइंट करा आणि ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरवर तिकडे कंडिशनल फॉरवर्डर (ठरावीक नावांची चौकशी तिकडे पाठवणारा नियम) लावा. ‘लाइन टाकली पण फरक पडला नाही’ अशा तक्रारींत लाइन निर्दोष आणि डीएनएस गुन्हेगार, असं फार वेळा निघतं.

आयपी पत्ते बदलावे लागतील का?

व्हीपीसी करताना कुणी १९२.१६८.१.०/२४ घेतलं असेल आणि कारखान्यातही तेच असेल, तर हो. व्हीपीसीचा मूळ पत्ता नंतर बदलता येत नाही, नवी व्हीपीसी करून सगळं हलवावं लागतं. दोन्हीकडे नॅट (पत्ते बदलून देणारी सोय) लावून वेळ मारून नेता येते. मी तसं करून दिलंय आणि तीन वर्षांनी शिव्याही खाल्ल्यात. क्लाउडसाठी १०.०.०.०/८ मधला एक मोठा सलग तुकडा आजच राखून ठेवा, मग मुंबई रीजन असो की उद्याचं हैदराबाद.

आमच्याकडे बीजीपी कुणालाच येत नाही. स्टॅटिक रूटवर चालेल?

चालणार नाही, बीजीपी सक्तीचं आहे. पण घाबरू नका, इथे लागणारं बीजीपी म्हणजे दहा-पंधरा ओळी: तुमचा एएस नंबर, म्हणजे बीजीपीतली नेटवर्कची ओळख (६४५१२ ते ६५५३४ मधला खासगी चालतो, फक्त ॲमेझॉनच्या बाजूला दिलेला नको), समोरचा पत्ता, एमडी५ पासवर्ड, आणि काय जाहीर करायचं त्याची यादी.

ती यादीच जपा. प्रायव्हेट किंवा ट्रान्झिट व्हीआयएफवर तुम्ही जास्तीत जास्त १०० प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) जाहीर करू शकता. १०१ वा गेला की तो एकटा नाकारला जात नाही, अख्खं बीजीपी सेशन पडतं. एका कंपनीत नवीन शाखेचा राउटर लावला, त्याने आपले सगळे छोटे सबनेट प्रेमाने वर पाठवले, आणि नऊ शाखांचं ईआरपी बंद पडलं. शाखेचं उद्घाटन चालू होतं, पेढे वाटले जात होते. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो: छोटे सबनेट एकत्र करून मोठाच प्रीफिक्स जाहीर करायचा, आणि बाहेर जाणाऱ्या यादीवर फिल्टर लावायचा.

प्रकाश येतोय, तरी लिंक वर येत नाही.

या क्रमाने बघा. आरएक्स आणि टीएक्सचे (प्रकाश आत येणारा आणि बाहेर जाणारा) दोन कोर उलटे तर नाहीत? अदलाबदल करून पाहा, लाजू नका, अर्धी टिकिटं इथेच बंद होतात. एसएफपी (पोर्टमध्ये बसणारं प्रकाशाचं मॉड्यूल) सिंगल मोडचं, १३१० नॅनोमीटरचंच आहे ना? १ जीबीपीएसला एलएक्स, १० जीबीपीएसला एलआर. कपाटातलं मल्टिमोडचं एसआर उचलून लावलेलं असतं. १ जीबीपीएसच्या वरच्या पोर्टवर ऑटो-निगोशिएशन बंद करा, वेग आणि फुल डुप्लेक्स हाताने भरा. १० जीबीपीएस एलआरवर आत येणारा प्रकाश उणे १४ डीबीएमच्या आसपास घसरला असेल तर कनेक्टर पुसा. धूळ हा आपल्याकडचा सर्वात जुना नेटवर्क अभियंता आहे.

पोर्ट हिरवा झाला पण पिंग जात नाही? मग व्हीलॅन नंबर. मधल्या टेलिकॉम कंपनीच्या स्विचने तुमचा टॅग काढून टाकलेला असू शकतो, त्यांना क्यू-इन-क्यूबद्दल (तुमच्या टॅगवर आणखी एक टॅग लावून नेण्याबद्दल) विचारा. पिंग जातं पण बीजीपी उभं राहत नाही? एमडी५ पासवर्ड कॉपी करताना शेवटी एक स्पेस आली असेल, नाहीतर टीसीपी पोर्ट १७९ तुमच्याच फायरवॉलने अडवलाय.

डेटा एन्क्रिप्ट होतो का?

आपोआप नाही. ज्याच्या हातात तार, त्याला डेटा वाचता येतो. ॲप्लिकेशन स्वतःच टीएलएसने एन्क्रिप्ट करत असेल तर बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. तेवढं पुरेसं नसेल तर याच लाइनवरून आयपीसेक व्हीपीएन चालवा. वेगाला टनेलची मर्यादा लागेल. १० जीबीपीएस आणि त्यावरच्या डेडिकेटेड पोर्टवर, काही ठरावीक लोकेशनना, मॅकसेक (तारेवरच होणारं एन्क्रिप्शन) मिळतं. पण मधल्या टेलिकॉम सर्किटने मॅकसेकच्या फ्रेम जशाच्या तशा पलीकडे सोडायला हव्यात, आणि हे विक्री विभागाला विचारून उपयोग नाही, त्यांच्या ट्रान्समिशनवाल्याला गाठा.

दोन कंपन्यांच्या दोन लिंक घेतल्या. आता निर्धास्त?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

एका ग्राहकाकडे दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक होत्या. दोन बिलं, दोन रंगाचे राउटर, बोर्डासमोर दाखवलेला सुंदर आराखडा. एका दुपारी जेसीबीनं पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला आणि दोन्ही लिंक एकाच सेकंदाला गेल्या. नंतर कळलं की दुसऱ्या कंपनीचा त्या पट्ट्यात स्वतःचा फायबर नव्हताच, तिने पहिलीच्याच केबलमधले दोन कोर भाड्याने घेतले होते. बिलं दोन होती, खड्डा एकच होता.

त्यामुळे कंपनीचं नाव विचारू नका, वाट विचारा. दोन्ही सेवादारांकडून मार्गाची केएमझेड (नकाशाची) फाइल मागा, गूगल अर्थवर एकावर एक ठेवा. पुणे-मुंबईमध्ये पाहायची ठिकाणं ठरलेली आहेत: घाट कुठून चढतो, खाडी कोणत्या पुलावरून ओलांडतो, आणि तुमच्या गेटजवळचे शेवटचे पाचशे मीटर. घाटात वाट वेगळी असते आणि गेटपाशी दोघे एकाच डक्टमधून आत येतात, हा प्रकार सर्रास दिसतो. नकाशा द्यायला खळखळ करतील. पीओ निघायच्या आधी देतात, नंतर देत नाहीत.

पलीकडचं टोकही वेगळं हवं. एक लिंक चांदिवलीला आणि दुसरी रबाळेला उतरवा, म्हणजे एका इमारतीची वीज गेली तरी दुसरी उभी. ॲमेझॉनचा एसएलए (सेवा किती टक्के वेळ चालू राहील याची हमी) हेच बघतो: दोन लोकेशनना एकेक लिंक असेल तर ९९.९ टक्के, दोन लोकेशनना दोन-दोन असतील तर ९९.९९. सहकारी बँकेला किंवा मध्यम कारखान्याला चार लिंक झेपत नाहीत. तिथे मी एक डायरेक्ट कनेक्ट आणि मागे इंटरनेटवरची व्हीपीएन सुचवतो, फक्त ती इंटरनेट लाइन वेगळ्या वाटेने आलेली हवी.

या जोडीत एक खाच आहे. एकच प्रीफिक्स दोन्हीकडून आला तर ॲमेझॉनची बाजू डायरेक्ट कनेक्टलाच पसंती देते. पण तुमच्या राउटरला ते माहीत नसतं. त्याने व्हीपीएन निवडली तर जाताना एक वाट, येताना दुसरी, आणि मधली स्टेटफुल (दोन्ही दिशांचा संवाद लक्षात ठेवणारी) फायरवॉल गोंधळून पॅकेट टाकून देते. तुमच्या बाजूला लोकल प्रेफरन्स (कोणती वाट आधी, हे ठरवणारा आकडा) हाताने लावा. बीएफडीही (लिंक मेल्याचं पटकन ओळखणारी सोय) लावा. ॲमेझॉनच्या बाजूला ते आपोआप चालू असतं, पण तुमच्या राउटरवर लावल्याशिवाय निरुपयोगी. नुसत्या बीजीपीला लिंक मेल्याचं कळायला ९० सेकंद लागू शकतात. बीएफडी ३०० मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की सांगतं.

लेटन्सी किती मिळेल?

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला एक मिलिसेकंद. पुण्यातून २०० किलोमीटरचा फायबर धरला तर दोन, वरची उपकरणं धरून तीन-चार. नागपूरहून हा हिशेब दहाच्या पुढे जातो. तुमच्या टेस्टमध्ये पुण्यातून २५ दिसत असतील, तर सर्किट बहुधा चेन्नई किंवा दिल्लीला वळसा घालून येतंय. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) लावायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: प्रायव्हेट व्हीआयएफला ९००१ बाइट, ट्रान्झिटला ८५००, आणि तो बदल करताना त्या कनेक्शनवरचे सगळे व्हीआयएफ अर्ध्या मिनिटापर्यंत हलू शकतात. दिवसा करू नका.

हैदराबाद रीजनसाठी दुसरी लाइन लागेल?

नाही. हैदराबाद नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. डायरेक्ट कनेक्ट गेटवे कोणत्याही एका रीजनला बांधलेला नसतो. मुंबईत उतरलेल्या लाइनवरून त्याच्यामार्गे हैदराबादच्या व्हीपीसीत जाता येतं. फक्त तो गेटवे मुंबईची व्हीपीसी आणि हैदराबादची व्हीपीसी एकमेकींशी जोडून देत नाही, ते काम वेगळं.

ॲझ्युअर किंवा गूगल असेल तर?

एक्सप्रेसरूटमध्ये प्रत्येक सर्किटला मुळातच दोन जोडण्या असतात, प्रायमरी आणि सेकंडरी. दोन्ही उभ्या करा. एकीवर काम भागतंय म्हणून दुसरी अर्धवट सोडतात आणि मायक्रोसॉफ्टच्या पहिल्याच देखभालीत पडतात. दोन /३० सबनेट द्यायचे, त्यातला पहिला वापरण्याजोगा पत्ता तुमचा, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. त्यांचा एएस नंबर १२०७६. बिल ‘सर्व्हिस की’ (सर्किटचा ओळख क्रमांक) निघाल्या क्षणापासून सुरू, तिथे ९० दिवसांची सवलत नाही. त्यांचं ‘सेंट्रल इंडिया’ रीजन नावाने मध्य भारत असलं तरी आहे पुण्यात. त्यामुळे पुण्यातल्या कंपनीने सर्किट मुंबईत उतरवलं तर डेटा घाट उतरतो आणि पुन्हा घाट चढतो. काही मिलिसेकंदांचाच फरक, पण घाटातला फायबर मध्ये येतो तो येतोच.

गूगलचं डेडिकेटेड १० जीबीपीएसपासून सुरू होतं, त्यामुळे लहानांनी पार्टनर इंटरकनेक्टकडेच जायचं. तिथे क्लाउड राउटरचा एएस नंबर १६५५० ठेवावा लागतो, आपल्या मनाचा चालत नाही. दोन जोडण्या घेताना त्या वेगवेगळ्या ‘एज ॲव्हेलेबिलिटी डोमेन’मध्ये (एकाच वेळी देखभालीला न जाणाऱ्या गटांत) आहेत ना, ते ऑर्डर फॉर्मवरच तपासा.

खासगी लाइन घेतली की रिझर्व्ह बँकेचे नियम पाळले गेले ना?

लाइन आणि नियमपालन या दोन वेगळ्या फायली आहेत. पेमेंटचा डेटा भारतात ठेवायचा, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश डेटा कुठे राहतो याबद्दल आहे, कोणत्या तारेवरून जातो याबद्दल नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात, घटना सहा तासांत कळवायची असते. त्यात तुमच्या या नव्या राउटरचे लॉगही येतात. ऑडिटर हमखास विचारतो: राउटरचं घड्याळ कशाशी जुळवलंय?

लाइन चालू झाली. आता काय बघत राहायचं?

पहिलं, ईमेल. ॲमेझॉन नियोजित देखभालीची सूचना आधी पाठवतं, पण ती खात्याच्या मूळ ईमेलवर जाते. तो पत्ता बहुतेक कंपन्यांत नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी असतो. आजच एक सामाईक पत्ता लावा.

दुसरं, प्रकाशाची पातळी. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेवर तिचा आलेख मिळतो. फायबर एकदम तुटतो तेव्हा सगळ्यांना कळतं. तो महिनाभर हळूहळू अर्धा-अर्धा डीबीने मरतो तेव्हा फक्त आलेखाला कळतं. पावसात जॉइंटच्या डबीत पाणी शिरलं की हेच होतं.

तिसरं, सराव. बॅकअप लिंक खरंच चालते का, हे ती मुद्दाम पाडल्याशिवाय कळत नाही. डायरेक्ट कनेक्टमध्ये ठरावीक वेळेपुरतं बीजीपी पाडणारी फेलओव्हर चाचणीची सोय आहे, ती वापरली तर तार उपटावी लागत नाही. तीन महिन्यांतून एकदा, शनिवारी रात्री, दुसरी शिफ्ट सुटल्यावर. गेल्या वेळी मी ही चाचणी घेतली तेव्हा रूट चार सेकंदांत व्हीपीएनवर गेले, ईआरपी उघडलं, सगळे खूश झाले. फक्त गेटवरचा वजनकाटा बंद पडला. त्याच्या संगणकात कुणीतरी पाच वर्षांपूर्वी एक स्टॅटिक रूट घालून ठेवला होता, आणि त्याची नोंद कुठेही नव्हती.